राजमती नाव अशुभ कसं?



गेल्या महिन्यात आमच्या घरी नात आली. पहिलं नातवंड, त्यामुळे घरात नुसता आनंद. उपाध्यांनी पंचांग बघून सांगितलं, चित्रा नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर 'रा'. झालं! मोबाइलवर नावांचा पाऊस सुरू झाला. राही, राशी, रावी, रायना. कोणी एक नाव सांगायचं, दुसऱ्याने त्याचा अर्थ शोधायचा, तिसऱ्याने त्याच नावाची शेजारची मुलगी आठवायची.

मी पाळण्याच्या दोरीला गाठ मारत बसले होते. सहज म्हणाले, "राजमती ठेवा. मोठं वाटत असेल तर राजुल."

विहीणबाई पटकन म्हणाल्या, "अहो ताई, ते नको. त्या बिचारीचं लग्न दारातून मोडलं. लेकीला असलं नाव देऊन कशाला संकट ओढवून घ्यायचं?"

सगळे हसले आणि विषय पुढे गेला. विहीणबाई मनाने फार चांगल्या आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण मी त्या दिवशी गप्प बसले, ते मला आजपर्यंत टोचतंय. कारण माझं स्वतःचं नाव राजमती आहे. विहीणबाईंना ते माहीत नव्हतं, सुनेलाही नव्हतं. मुलाला माहीत होतं, पण त्याच्याही चटकन लक्षात आलं नाही. त्याच्यासाठी मी आई, पाहुण्यांसाठी सुनंदाताई. राजमती कोण, हे आता फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

तिथे जे बोलायला हवं होतं, ते आज लिहिते.

माझं माहेर अंबरनाथ, कॉलेज उल्हासनगर, सासर बदलापूर. म्हणजे सगळं आयुष्य कर्जत लाइनच्या तीन स्टेशनांत. वडील सांगलीकडून नोकरीसाठी अंबरनाथला आले ते इथलेच झाले. माझं नाव आजीने ठेवलं. आमच्या भागात तिच्या पिढीतल्या बायकांची नावं अशीच असायची. पद्मावती, अनंतमती, जिनमती, राजमती. हाक मारताना त्याची पद्माक्का, जिनाक्का, राजाक्का व्हायची. आईच्या पिढीत सुशीला, सुमती, विमल, कुसुम आल्या. माझ्या वर्गात शोभा, मंगल, सुनीता, ज्योती होत्या. म्हणजे माझं नाव जन्मतःच एका पिढीने म्हातारं होतं! शाळेत हजेरी घेताना बाई "राजमती" म्हणाल्या की मागच्या बाकावरून "आजीबाई हजर" असं ऐकू यायचं.

कॉलेज मात्र छान गेलं. मी चांदीबाईमधून बी.कॉम. केलं. उल्हासनगरकरांना सांगायला नको, पण इतर मैत्रिणींसाठी सांगते. पूर्ण नाव श्रीमती चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज, पण सगळे नुसतं 'चांदीबाई' म्हणतात. वर्गात बहुतेक सिंधी मुली. त्यांनी माझं 'राजी' करून टाकलं. एकदा मी एकीला म्हणाले, तुमच्यात आता चांदीबाई नाव ठेवतात का गं? ती म्हणाली, छे! आजीच्या वेळचं ते. पण रिक्षावाल्याला दिवसातून चार वेळा "चांदीबाई चलो" म्हणताना तिला ते जुनं वाटत नव्हतं. जे नाव रोज तोंडात असतं त्याला वय होत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

गावांच्या नावांचंही तसंच. उल्हासनगर हे मूळचं कल्याणजवळचं लष्करी कॅम्प. फाळणीनंतर सिंधी बांधव तिथे आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. तरी आमच्याकडची जुनी माणसं अजून "कॅम्पात जाऊन येते" असंच म्हणतात, आणि पत्त्यात कॅम्प एक ते कॅम्प पाच आहेतच. नवीन नाव आलं म्हणून जुनं कोणी अशुभ ठरवलं नाही.

बदलापूरची गोष्ट तर मला फार जवळची. पूर्वी इथे प्रवासाचे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं जुने लोक सांगतात. माझंही बदलापूरला येऊन नावच बदललं!

१९८२ साली माझं लग्न ठरलं. सासूबाईंना मी पसंत होते. बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, "मुलगी आवडली. नाव तेवढं बदलू." वडिलांनी कारण विचारलं. त्याचं असं होतं की माझ्या मोठ्या दिरांचं नाव नेमिनाथ. सासूबाई म्हणाल्या, घरात नेमिनाथ आहे, त्यात धाकट्याची बायको राजमती, लोक हसतील. आणि मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाल्या, "शिवाय तिचं लग्न झालं नाही ना हो. मंडपाच्या दिवशी ते नाव तोंडात नको."

लग्न लागल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं. आमच्या ह्यांनी सोन्याच्या अंगठीने तांदळात 'सुनंदा' लिहिलं. पेढे वाटले. सुनंदा हे वाईट नाव नाही. आपल्या आदिनाथ भगवंतांच्या एका राणीचं नाव ते. बाहुबलींची आई सुनंदा. मी काही रडले बिडले नाही. त्या काळी सगळ्यांचीच नावं बदलायची. माझ्या आजीने मात्र पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवला. तेव्हा मला वाटलं, दात नाहीत म्हणून असेल.

आता राजमतीच्या गोष्टीकडे येते. आपल्यातल्या सगळ्या जणी ती गोष्ट जाणतात, पण किती जणी शेवटपर्यंत जाणतात?

उग्रसेन राजाची मुलगी राजमती, म्हणजेच राजीमती, म्हणजेच आपली राजुल. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांच्याशी तिचं लग्न ठरतं. वरात येते. वाटेत कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानावर पडतो. सारथ्याला विचारतात, हे कशासाठी? उत्तर मिळतं, लग्नाच्या जेवणासाठी. नेमिकुमार रथ फिरवतात आणि गिरनारकडे जातात. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात हे प्राणी श्रीकृष्णांनी मुद्दाम वाटेत बांधून ठेवले होते, नेमिकुमारांना वैराग्य यावं म्हणून, असं आहे. श्वेतांबर परंपरेत थोडं वेगळं सांगतात. पण दोन्हीकडे राजुल दारात उभी राहते आणि वरात परत जाते.

आपली गाणी नेमकी इथे थांबतात. माझ्या आजीच्या गळ्यात राजुलची गाणी होती. सगळ्यांत राजुल सज्जात उभी राहून रडते, मैत्रिणी समजूत घालतात, दागिने उतरवते. गुजरात-राजस्थानकडे तर राजुलच्या विरहाचे बारमासे लिहायची मोठी परंपराच आहे. आषाढात काय वाटलं, श्रावणात काय वाटलं, असं महिन्यामागून महिना. विनयचंद्रसूरींची 'नेमिनाथ चतुष्पदिका' ही त्यांतली फार जुनी रचना, तेराव्या शतकातली मानतात. म्हणजे शेकडो वर्षं आपण राजुलला बारा महिने रडताना गात आलो आहोत. मग तिचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे मोडलेलं लग्नच येणार, त्यात नवल काय!

पण गोष्ट पुढे आहे. आणि पुढची गोष्ट पूर्णपणे तिची आहे.

आईवडील म्हणतात, दुसरा मुलगा बघू. ती नाही म्हणते. स्वतः ठरवून दीक्षा घेते. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात हे सगळं आलं आहे. त्या अध्ययनाचं नाव 'रथनेमीय'. गिरनार चढताना पाऊस येतो, ती भिजते आणि एका गुंफेत शिरते. अंधारात कोणी नाही असं समजून वस्त्रं सुकत घालते. तिथे आधीच नेमिनाथांचा भाऊ रथनेमी ध्यानाला बसलेला असतो. तोही साधू झालेला. तिला पाहून त्याचं मन चळतं आणि तो तिला संसार करू या म्हणून विनवतो.

विचार करा मैत्रिणींनो. एकटी स्त्री, डोंगरावरची गुंफा, बाहेर पाऊस, समोर तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा भाऊ. ती घाबरते, सूत्रातही ती थरथरली असं आहे. पण ती स्वतःला सावरते, अंग झाकून घेते आणि त्याला असं काही सुनावते की तो भानावर येतो. एकदा ओकून टाकलेलं पुन्हा खाणार का, असं ती त्याला विचारते. आणि अंकुशाने हत्ती ताळ्यावर यावा तसा तो धर्मात परत येतो. एका साधूला साधुपणा परत मिळवून देणारी ही बाई. पुढे नेमिनाथांच्या संघात चाळीस हजार आर्यिका सांगितल्या आहेत, त्यांत राजमतीचं स्थान केवढं मोठं!

आता मी बी.कॉम. झालेली बाई, माझ्या डोक्यात हिशेबाचीच भाषा येते. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं, घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. खात्याच्या दोन बाजू असतात. नावे आणि जमा. दोन्ही वाचल्याशिवाय शिल्लक कळत नाही. राजमतीच्या खात्यात आपण फक्त नावे बाजू वाचत आलो. लग्न मोडलं, नावे. आईवडील दुःखी झाले, नावे. समोरच्या पानावर काय जमा आहे ते उघडून बघितलंच नाही आणि खातं बुडालं म्हणून मोकळे झालो.

आणि माझा खरा प्रश्न पुढेच आहे. आपल्या समाजात नेमिनाथ नावाची मुलं किती आहेत? नेमिनाथ, नेमचंद, नेमीकुमार, आमच्या सांगली-कोल्हापूरकडे नेमगोंडा. घराघरांत आहेत. आपल्या महाराष्ट्रात जिंतूरजवळ नेमगिरी आहे, तिथे आपण किती श्रद्धेने जातो. बारशाच्या वेळी कोणी कधी म्हणालं का, "नेमिनाथ नको गं बाई, हा वरातीतून परत फिरेल"? रथ कोणी फिरवला? नेमिकुमारांनी. मग मोडल्या लग्नाचा डाग एकट्या राजमतीच्या नावाला कसा?

माझ्या सासरी तर हे अगदी समोरासमोर होतं. दिरांचं नाव नेमिनाथ, त्यांचं लग्न थाटात झालं, चार मुलं झाली, कोणाच्या मनात शंका आली नाही. मी त्याच घरात राजमती म्हणून शिरले असते तर मात्र काहीतरी अघटित होणार होतं! जो त्याग करतो त्याच्या नावाने आपण मुलांची नावं ठेवतो. जिने तोच त्याग केला, वर एकटीने सगळं निभावलं, तिच्या नावाला आपण घाबरतो. हे आपल्याच धर्मकथेशी धरून नाही. आपण वीतरागाची पूजा करतो. संसारातून बाहेर पडणं ही आपल्याकडे सर्वांत मोठी गोष्ट. मग ती बाईने केली की बिचारी कशी होते?

गंमत म्हणजे राजमती चालत नाही, पण राजुल चालतं. गुजराती-मारवाडी मैत्रिणींकडे राजुल नावाच्या कितीतरी मुली-सुना आहेत आणि ते नाव अगदी आधुनिक वाटतं. त्यांच्याकडे पहाटे सोळा सतींची नावं म्हणतात, त्यांत ब्राह्मी, सुंदरी, चंदनबाला यांच्याबरोबर राजीमती आहेच. चंदनबालेचं बघा. ती बाजारात विकली गेली, तिचं मुंडण झालं, पायांत बेड्या पडल्या. तरी आपण मुलीचं नाव चंदना हौसेने ठेवतो, कारण तिची गोष्ट आपण शेवटपर्यंत सांगतो. महावीर भगवंतांना तिने आहार दिला, छत्तीस हजार आर्यिकांची ती प्रमुख झाली, हे लहान मुलींनाही पाठ असतं. गोष्ट पूर्ण सांगितली की नाव शुभ होतं, एवढाच त्याचा अर्थ.

विहीणबाईंची बाजूही मला कळते. मुलीच्या आईचं काळीज असतंच तसं. आपल्या मुलीचं लग्न नीट व्हावं, तिला कोणी काही बोलू नये, यासाठी आई उंबऱ्यावरची रांगोळीसुद्धा बघून ओलांडते. माझ्या सासूबाईही वाईट नव्हत्या. पहिल्या बाळंतपणात त्यांनी माझं डोकं मांडीवर घेऊन रात्र काढली आहे. पण त्यांची ती भीती कुठून आली होती? लग्न मोडलं की दोष मुलीचा, ही भीती होती ती. साखरपुडा मोडलेला मुलगा दुसऱ्या महिन्यात दुसरी मुलगी बघायला जातो आणि मुलीकडे लोक वर्षानुवर्षं बोट दाखवतात. आपण ती रीत बदलण्याऐवजी नाव बदललं. नाव बदलणं सोपं होतं.

नाव बदलल्याने काय होतं, ते मला पुढे एका बँकेच्या खिडकीवर कळलं. वडील गेल्यावर त्यांचं एक जुनं खातं निघालं. माझ्या लग्नाआधीचं. वारस म्हणून त्यावर नाव होतं कुमारी राजमती. माझ्या आधार कार्डावर, पॅनवर, रेशनकार्डावर सुनंदा. बी.कॉम.च्या पदवीवर राजमती. १९८२ ला आमच्याकडे लग्न नोंदवायची पद्धत नव्हती, त्यामुळे एकीची दुसरी कधी झाली याचा सरकारी पुरावा शून्य. काउंटरवरचा मुलगा, माझ्या मुलाच्या वयाचा, वैतागून म्हणाला, "मावशी, मग नक्की तुम्ही कोण?"

रक्कम काही फार नव्हती. पण वडिलांनी माझ्या नावाने ठेवलेले पैसे मागायला मी गेले होते आणि मीच मी आहे हे मला सिद्ध करता येत नव्हतं. वडिलांनी तर मला राजमती म्हणूनच लिहून ठेवलं होतं. त्यांच्या कागदावर मी बदलले नव्हते. तीन महिने हेलपाटे झाले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून लग्नपत्रिका निघाली, तिच्यावर 'चि. सौ. कां. राजमती' होतं. भावाचं पत्र, पदवी, शाळेचा दाखला आणि नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र, की राजमती आणि सुनंदा ही एकाच व्यक्तीची दोन नावं आहेत. तेव्हा कुठे काम झालं. त्या पेटीत आजीची एक जुनी पिशवीही निघाली. पेढा अर्थातच नव्हता, पण मला तो आठवला. दातांचा प्रश्न नव्हता तो, एवढं त्या दिवशी समजलं.

म्हणून एक व्यवहाराचं सांगते. ज्या मैत्रिणींची लग्नात नावं बदलली आहेत, त्यांनी आजच सगळे कागद एकत्र काढा. माहेरचा शाळेचा दाखला, पदवी, लग्नपत्रिका, जुना फोटो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. गरज असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. २००५ च्या कायद्याने वडिलांच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हक्क दिला आहे आणि तो आपल्या जैन घरांनाही लागू आहे. हक्क घ्यायचा की भावाला सोडायचा हा तुमचा प्रश्न. पण घ्यायचा म्हटलं तर कागदावरची मुलगी तुम्हीच आहात हे दाखवता आलं पाहिजे. नाव गेलं की मागोमाग सही जाते, आणि सहीमागून हक्क.

आता काळ बदलतोय आणि चांगला बदलतोय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने नावाचा नवीन क्रम ठरवला आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. शाळेच्या दाखल्यावर, परीक्षेच्या कागदांवर आईचं नाव आता बाळाच्या नावाला चिकटून येणार. माझ्या मुलाच्या एकाही प्रमाणपत्रावर त्याच्या नावाशेजारी मी नाही. आईच्या वेगळ्या रकान्यात असेन तर सुनंदा म्हणून. नातीच्या प्रत्येक कागदावर मात्र तिची आई असेल, आणि तिच्या आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने असेल. कारण सुनेचं नाव मी बदलू दिलं नाही. ताट आलं, तांदूळ आले, अंगठी आली. मी मुलाला म्हटलं, "तिचं आहे तेच नाव लिही." नातेवाइकांत जरा कुजबुज झाली. पण पेढे तेवढेच गोड लागले.

तुम्ही म्हणाल, मग नातीचं नाव राजमती ठेवायचा आग्रह का? आग्रह नाहीच. नाव ठेवण्याचा हक्क आईवडिलांचा. आजीने सुचवावं, हट्ट धरू नये. माझं नाव माझ्या मनाविरुद्ध काढून घेतलं गेलं, म्हणून मी ते दुसऱ्या कोणावर मनाविरुद्ध लादणं बरोबर होणार नाही. शिवाय 'आजीबाई हजर' मीही ऐकलं आहे. आताच्या मुलांना चार अक्षरी नाव जड वाटतं, परदेशात गेली तर उच्चाराची पंचाईत. हे सगळं मान्य. नाव जुनं वाटतं म्हणून नको म्हणा, माझी काही तक्रार नाही. अशुभ म्हणून नको म्हणू नका. एवढंच माझं म्हणणं आहे.

बारसं झालं. आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे पडले, कुर्र झालं. नातीचं नाव राही ठेवलं आहे. गोड आहे. वाटेने चालत राहणारी, असा अर्थ सुनेने सांगितला. मी मनात म्हटलं, राजुलही वाट चालूनच गेली होती.

काही वर्षांपूर्वी महिला मंडळाबरोबर मी गिरनारला गेले होते. पहिल्या टोंकाजवळ राजुलची गुंफा आहे. आत वाकून जावं लागतं. तिथपर्यंत पायऱ्या चढूनच दम लागलेला. आमच्यातल्या एक जणी म्हणाल्या, बिचारी इथे रडत बसली असेल. मी म्हटलं, नाही हो, इथपर्यंत चढून आलेली बाई रडायला आली नसणार. पण तेव्हाही मी माझं नाव सांगितलं नाही. सवयच गेली होती.

श्रावण शुद्ध षष्ठीला नेमिनाथांचं दीक्षा कल्याणक असतं. त्याच दिवशी त्यांनी रथ फिरवला. यंदा त्या दिवशी मी मंदिरात अभिषेकासाठी रक्कम द्यायला गेले. कार्यालयातल्या भाऊंनी पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, पावती कुणाच्या नावे?" तोंडात नेहमीचं नाव आलं होतं. मी जरा थांबले आणि म्हटलं, "लिहा, राजमती." त्यांनी मान वर करून बघितलं. "कोणी गेलं का घरातलं? आजींच्या स्मरणार्थ का?" मी म्हटलं, "नाही भाऊ, माझंच आहे." त्यांनी लिहिलं. पावती मी पर्समध्ये न ठेवता देवघरात ठेवली आहे.

मैत्रिणींनो, तुम्हाला दोनच गोष्टी सुचवते. येत्या श्रावणात षष्ठीच्या दिवशी मुलींना, नातींना राजुलची गोष्ट सांगा, आणि गुंफेपर्यंत सांगा. सज्जातच सोडू नका. आणि घरात जुन्या नावाची कोणी बाई असेल, आजी, आत्या, मावशी, जाऊ, तर तिला एकदा विचारा, माहेरचं नाव काय होतं? मग एक दिवस त्या नावाने हाक मारून बघा. मी बुधवारी भावाला फोन केला, तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "बोल राजाक्का." गेली चाळीस वर्षं तो तसंच म्हणतोय, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कथेत काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर जाणकारांनी सुधारावं, क्षमा असावी.

जय जिनेंद्र.
राजमती (तुमची सुनंदाताई)